दुतोंड्या

पपया नर्सरीच्या थांब्यावर उतरले
तेव्हा रस्ता हलकासा डोलला.
रस्ते डोलत नाहीत, ठाऊक आहे मला.
चौदा महिने होडीवर काढले की
जमीन अशी थट्टा करते,
तीन-चार दिवस.

पर्समध्ये, हातरुमालात गुंडाळलेला,
पंपाचा मोडका शाफ्ट.
करंगळीएवढा.
ह्याच्यापायी तिकडे लंकावीच्या खाडीत
आमचं अख्खं घर दोरखंडाला बांधून पडलंय.
कंपनी म्हणाली, अकरा आठवडे.
किंमत ऐकून हेरंबने फोन उलटा ठेवला.
शिडाची शिवणही त्याच आठवड्यात उसवली;
मी दाभणाने टाके घालत होते
आणि रडत होते,
दोन्ही त्याच दोऱ्याने.

होडीला एकटं सोडता येत नाही.
तिकीट एकाचंच परवडलं.
म्हणून मी.

बावीस वर्षं बँकेत, शरणपूर रोडला,
दुसऱ्यांची तारणं तपासली.
होडी घेतली तेव्हा भावजय म्हणाली,
"समुद्र कशाला हवाय? आपल्याला गंगा आहे की."
आता म्हणते, विकून टाका.
जणू जुना फ्रीज.

पहिल्यांदा तळात पाणी शिरलं त्या रात्री
हेरंब अंधारातून ओरडला, "किती?"
किती म्हणजे? इंच? लिटर?
जन्मभर आकडे मोजलेल्या बाईला
एक आकडा सुचेना.
तोंडातून निघालं,
"मारुतीच्या गुडघ्यापर्यंत!"
तो पंप मारता मारता हसत सुटला.
नाशिकचाच माणूस.
पूर किती, हे आम्ही मीटरमध्ये विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी नेलपॉलिशने
तळाच्या फळीवर मी दुतोंड्या काढला,
एक तोंड शिडाकडे, एक सुकाणूकडे.
वाईटच जमला. नुसतं माकड वाटतो.
पण घोटे, गुडघे, कंबर, छाती
जागच्या जागी.
गळ्याशी आलं की होडी सोडायची,
असं ठरलंय.

एकदाच आलं कमरेवर.
शेजारच्या होडीवरचा म्हातारा पोलिश
न बोलावता आला, पायजम्यावर, आपला पंप घेऊन.
पहाटे त्याला चहा दिला आणि मारुती समजावला.
नमस्कार काही केला नाही त्याने,
पण रोज सकाळी विचारतो:
"मंकी ओके?"

खैरनार मिस्त्रींनी शाफ्ट उजेडात धरला.
"कुठल्या गाडीचा?"
"होडीचा."
"गंगापूर धरणावरच्या?"
"नाही. लांबच्या."
लांब म्हणजे किती, विचारलं नाही त्यांनी.
मायक्रोमीटर लावला,
तुटलेली कड नखाने चाचपली,
म्हणाले, "ठोकर लागून नाही तुटला हा. थकून तुटलाय.
आतला दाणा बघा."
मी बघितला.
मला तो बघवेना, का कोण जाणे.
लेथ सुरू झालं, गनमेटलचे पिवळे केस
त्यांच्या चपलांवर पडू लागले.
"दोन करतो," म्हणाले. "एक तुटणारच."
पैसे दोन्हीचे घेतले.

संध्याकाळी नदीवर गेले.
दोन्ही शाफ्ट लोकरी मोज्यात,
मोजा पर्समध्ये, पर्स पोटाशी.
पायऱ्यांवर कुणी भांडी घासत होतं,
एक पोरगा पाण्यात लोहचुंबक सोडून
नाणी ओढत होता.
फोन लावला. आवाज तुटत तुटत आला.
"झाला?"
"दोन."
मग बराच वेळ
फक्त त्याच्या बाजूचं पाणी ऐकू आलं,
फळीवर चापट्या मारणारं.
"कुठपर्यंत?" मी विचारलं.
"घोट्याला लागतंय. आणि तुझ्याकडे?"

मी वर पाहिलं.
"कोरडा आहे," म्हटलं.
"दंडावर कुणाची तरी
गोधडी वाळतेय."